घेणाऱ्याचा धर्म : पार्कूर, सार्वजनिक अनुदान आणि उत्सर्गाची कल्पना

दानधर्मावर जगातल्या बहुतेक परंपरांनी विपुल लिहिले आहे, परंतु त्या लिखाणाचा रोख प्रायः देणाऱ्याकडे असतो. कोणी द्यावे, किती द्यावे, केव्हा आणि कोणत्या भावनेने द्यावे, याचा ऊहापोह पानेच्या पाने चालतो. घेणाऱ्याचा विचार मात्र पात्रतेच्या दोन-चार कसोट्या सांगून आटोपता घेतला जातो. भारतीय धर्मशास्त्र या बाबतीत काहीसे वेगळे आहे, कारण तेथे 'प्रतिग्रह', म्हणजे दिलेली वस्तू विधिपूर्वक स्वीकारणे, ही दानाची केवळ दुसरी बाजू न मानता तिला स्वतःचे नियम आणि स्वतःची जोखीम असते असे मानले गेले. हा विचार आज जुनाट वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या समाजांत सार्वजनिक निधीतून छोट्या संस्थांना अनुदाने मिळतात, तेथे तो नव्या वेषात पुन्हा उभा राहतो. ब्रिटनमधील पार्कूर क्लबांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे, कारण ज्याला कोणाकडून काहीच घ्यावे लागत नाही असा व्यायाम म्हणून पार्कूर जन्माला आला, आणि त्याच्या क्लबांना आज भाडे, विमा, गाद्या आणि प्रशिक्षकांचे मानधन यांसाठी अर्ज भरत बसावे लागते.

पार्कूर म्हणजे भिंत, कठडा, जिना, दोन चौथऱ्यांमधील फट असे वाटेत येणारे अडथळे कोणत्याही साधनाच्या मदतीशिवाय, धावून, उडी मारून, चढून, लोंबकळून किंवा दोन्ही हातपाय टेकून सरकत पार करण्याची शिस्त होय. तिचे वैचारिक मूळ जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापर्यंत जाते. १९०२ साली मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सें-पिएर हे शहर नष्ट झाले, तेव्हाच्या मदतकार्यात एबेर होते आणि संकटात माणसे कशी हलतात, कशी गोठून जातात हे पाहून त्यांच्या शरीरशिक्षणाला दिशा मिळाली, असे त्यांच्याविषयीच्या परंपरागत वृत्तांतात सांगितले जाते. त्यांनी चालणे, धावणे, चढणे, पोहणे, ओझे उचलणे अशा मूलभूत हालचालींवर आधारलेली 'नैसर्गिक पद्धती' मांडली आणि बलवान व्हायचे ते उपयोगी पडण्यासाठी, असे तिचे ब्रीद ठरवले. या पद्धतीतले अडथळ्यांचे प्रशिक्षण फ्रेंच लष्करात रुजले. फ्रेंच अमलाखालील व्हिएतनाममध्ये जन्मलेले आणि तेथील लष्करी शाळेत वाढलेले रेमों बेल पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात नावाजले गेले. आणि त्यांचा १९७३ साली जन्मलेला मुलगा दाविद याने आपल्या सोबत्यांसह पॅरिसच्या दक्षिणेकडील लिस आणि एव्री या उपनगरांत त्या शिक्षणाला शहरी रूप दिले. या सोबत्यांपैकी काहींनी १९९७ च्या सुमारास 'यामाकासी' हा गट स्थापन केला. त्यांतील अनेक जण स्थलांतरित कुटुंबांतले होते, आणि त्यांच्याकडे क्रीडांगण नव्हते म्हणून त्यांनी वसाहतीच्या पायऱ्या, छपरे आणि जवळच्या तळ्याकाठचे 'दाम द्यू लाक' नावाचे उंच शिल्प यांनाच क्रीडांगण केले, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. क्रीडांगण असते तरी त्यांनी कदाचित तेच केले असते, कारण दुसऱ्या कोणी दुसऱ्याच हेतूने बांधलेली वस्तू आपल्या शरीराने नव्याने वाचणे हेच त्या शिस्तीचे मर्म होते.

येथे एक तात्त्विक ताण सुरुवातीपासूनच दडलेला आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाची व्याख्या करताना असे प्रतिपादन केले की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या पार्कूरला इतकी तंतोतंत लागू पडते की ती त्याच्याचसाठी रचली असावी असे वाटावे. शेजारी फाटक उघडे असताना भिंतीवरून जाणारा मुलगा अनावश्यक अडथळा स्वेच्छेनेच पार करीत असतो. परंतु एबेर यांचे ब्रीद नेमके याच्या उलट सांगते. त्यांच्या मते अडथळा अनावश्यक नसतो, तो उद्याच्या आगीतील किंवा पुरातील अडथळ्याची आजची आवृत्ती असतो. म्हणजे पार्कूर करणारा एकाच उडीत खेळतही असतो आणि उपयोगी पडण्याची तयारीही करीत असतो, आणि या दोहोंपैकी कोणते खरे हे त्याला एरवी ठरवावे लागत नाही. अनुदानाचा अर्ज मात्र त्याला ते ठरवायला लावतो.

उघड्यावर चालणाऱ्या, छदामही न लागणाऱ्या व्यायामाला पैसा का लागावा, याची कारणे साधी आहेत. ब्रिटनच्या हवेत वर्षाचे अनेक महिने दगडी कठडे ओले आणि निसरडे असतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना, किंवा अनोळखी पुरुषांच्या टोळक्यात चौकात सराव करणे ज्यांना नकोसे वाटते अशा मुलींना, शिकण्यासाठी आडोशाची जागा लागते. शाळेचे सभागृह किंवा जुने गोदाम भाड्याने घेतले की विमा येतो, प्रशिक्षकाची पात्रता येते, मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण येते. साहित्य म्हटले तर फार नसते. कडा गोल केलेले प्लायवुडचे खोके एकावर एक रचलेले असतात, खाली जाड गाद्या असतात, आणि इमारतीच्या परांचीला लागतात तसले ४८.३ मिलिमीटर व्यासाचे पोलादी पाइप जोडण्यांनी आवळून चौकटी उभ्या केलेल्या असतात, ज्यांच्यावर नुसत्या चवड्यांनी उतरून तोल धरायचा असतो. पण हे खोके मुलांच्या वजनाखाली सरकता कामा नयेत, जोडणी सैल होता कामा नये, आणि वर्ग संपल्यावर सारे काही सभागृहाच्या एका कोपऱ्यात मावले पाहिजे, एवढ्या अटींनीच खर्च वाढत जातो. या साहित्यासाठी २०१३ साली ब्रिटनने 'बीएस १००७५' हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. ज्या शिस्तीचा आरंभ कोणत्याही मानकात न बसणाऱ्या भिंतींवर झाला, तिच्यासाठी निघालेले हे मानक तिच्या बदललेल्या स्थितीचे द्योतक मानावे लागेल.

पैसा कोठून येतो याचे उत्तर इंग्लंडच्या धर्मादाय कायद्याच्या इतिहासाशी गुंतलेले आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १६०१ साली झालेल्या कायद्याच्या प्रस्तावनेत धर्मादाय कार्यांची एक यादी आहे. तीत वृद्ध आणि दरिद्री यांना साहाय्य, जखमी सैनिकांची देखभाल, शाळा यांच्या जोडीला पूल, बंदरे, रस्ते आणि समुद्राचे बांध यांची दुरुस्तीही येते. विहीर, तळे, धर्मशाळा, आमराई यांना भारतीय परंपरेने 'पूर्त' या नावाखाली यज्ञाच्या शेजारी बसवले, त्याची आठवण ही यादी वाचणाऱ्याला झाल्याशिवाय राहत नाही. खेळाला मात्र या यादीत स्थान नव्हते. १८९५ च्या नॉटेज खटल्यात नौकाशर्यतीसाठी दरवर्षी चषक देण्याकरिता मृत्युपत्राने ठेवलेली रक्कम धर्मादाय नाही असा निर्णय इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिला. केवळ खेळाला उत्तेजन हा हेतू, त्यातून लोकांना अप्रत्यक्ष लाभ होत असला तरी, धर्मादाय ठरत नाही असे त्याचे सूत्र होते. हे सूत्र शतकभर टिकले. २००६ च्या धर्मादाय कायद्याने हौशी खेळाच्या प्रसाराला धर्मादाय हेतूंत जागा दिली खरी, पण शारीरिक किंवा बौद्धिक कौशल्य वा श्रम यांच्याद्वारे आरोग्याला उपकारक ठरणारा तो खेळ, अशी व्याख्या करूनच दिली. याचा अर्थ असा की सूट्स यांच्या व्याख्येतला खेळ, जो आपल्या पलीकडे कोणत्याही फळाकडे बोट दाखवीत नाही, तो आजही सार्वजनिक औदार्याच्या दारात एकटा उभा राहू शकत नाही. त्याला आरोग्याचा हात धरूनच आत यावे लागते.

दुसरी पायरी मान्यतेची. २००२ पासून ब्रिटनमध्ये हौशी क्रीडा क्लबांना एक विशेष दर्जा मिळू शकतो, ज्यामुळे जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते. पण त्यासाठी क्लबचा खेळ क्रीडा परिषदांनी मान्यता दिलेल्या यादीत असावा लागतो. पार्कूरची राष्ट्रीय संस्था 'पार्कूर यूके' २००९ साली स्थापन झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या क्रीडा परिषदांनी पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता देणारा ब्रिटन हा पहिला देश ठरला. त्या दिवसापर्यंत आणि त्या दिवसानंतर भिंतीवरची उडी तीच होती. कायद्याच्या आणि करव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र ती वेगळी वस्तू झाली होती, आणि नाम-रूपाच्या चर्चेत रमणाऱ्या वेदान्त्यालाही यात विचार करण्याजोगे काही सापडावे.

मान्यतेनंतर येतो तो अर्ज. छोट्या क्लबांचा परिचयाचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून चालणारी 'अवॉर्ड्स फॉर ऑल' ही योजना, जिची मर्यादा दीर्घकाळ ३०० ते १०,००० पौंड होती आणि नंतर २०,००० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. शिवाय 'स्पोर्ट इंग्लंड'च्या लहान अनुदानांचा मार्ग असतो. अर्जदार व्यक्ती असून चालत नाही, संस्था असावी लागते; तिची लेखी घटना हवी, तिच्या नावाचे बँक खाते हवे आणि त्या खात्यावर एकमेकांशी नाते नसलेल्या किमान दोघांचा अधिकार हवा. या अटींत आक्षेप घेण्यासारखे काही नाही. उलट दोन मित्रांनी सुरू केलेल्या आणि एकाच्या उत्साहावर चालणाऱ्या गटाला त्या थोडी शिस्तच लावतात. खरी अडचण पुढच्या प्रश्नांत असते. या प्रकल्पाची गरज आहे हे कशावरून? तो झाल्याने काय फरक पडेल, आणि तो पडला हे कसे कळेल? प्रश्न रास्त आहेत, पण ते एक विशिष्ट भाषा मागतात. मुले उडी मारायला येतात कारण त्यांना उडी मारावीशी वाटते, हे उत्तर खरे असले तरी अर्जात पुरेसे होत नाही. म्हणून मुले 'निष्क्रिय' होतात, वस्ती 'वंचित' होते, संध्याकाळ ही उपद्रवी वर्तनाची वेळ ठरते आणि उडी हा त्यावरचा उपाय बनतो. २००० च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात स्थानिक प्रशासनाच्या क्रीडा विभागाने तरुणांसाठी पार्कूरचे वर्ग सुरू केले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचा संबंध तरुणांमधील घटत्या गुन्हेगारीशी जोडला, आणि तेव्हापासून हा युक्तिवाद पार्कूरच्या अर्जांत पाहुण्यासारखा न राहता घरच्यासारखा वावरू लागला.

यात असत्य नाही, आणि ढोंगही फारसे नाही. तरीही काहीतरी हरवते, आणि ते पैशाच्या मोहाने हरवते असे म्हणणाऱ्या कर्मठ पार्कूरप्रेमींना रोगाचे निदान नीट झालेले नाही असेच म्हटले पाहिजे. ज्या शिस्तीत अडथळा ही संधी मानली जाते, तिला अर्जात आपल्या परिसराचे वर्णन उणिवांची यादी म्हणून करावे लागते. पंधरा वर्षांचा मुलगा त्या कागदावर 'लाभार्थी' असतो. वर्गात मात्र तोच खालच्या वयाच्या मुलाच्या उडीखाली हात धरून उभा असतो आणि, सर्वांनी एकत्र सुरू करायचे व सर्वांनी एकत्र संपवायचे या यामाकासींच्या परिपाठाप्रमाणे, मागे पडलेल्यासाठी पुन्हा धावून येतो. एबेर यांच्या ब्रीदाप्रमाणे तो उपकारकर्ता होण्याचे शिक्षण घेत असतो, आणि अर्ज त्याला उपकृत म्हणून नोंदवतो.

याहून जुना प्रश्न पैशाच्या शुद्धतेचा आहे. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९३ च्या कायद्याने निर्माण झाली, तिची पहिली सोडत नोव्हेंबर १९९४ मध्ये निघाली, आणि आरंभीच्या रचनेनुसार तिकिटाच्या प्रत्येक पौंडातील २८ पेन्स सत्कार्यांसाठी राखून ठेवले गेले. क्वेकर आणि मेथडिस्ट या पंथांचा जुगाराला पूर्वापार विरोध असल्याने या निधीला हात लावावा की नाही हा त्यांच्यापुढे खरोखरीचा धर्मप्रश्न झाला. मेथडिस्ट चर्चने पुढे आपल्या स्थानिक मंडळ्यांना अर्ज करण्याची मुभा दिली, पण ती बरीच चर्चा होऊन. अशा वादांना इतिहास आहे. १९०५ साली अमेरिकेतील परदेशी धर्मप्रसारासाठीच्या एका मंडळाला जॉन रॉकफेलर यांनी एक लाख डॉलर दिले, तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने तो पैसा कलंकित असल्याचे सांगून तो घेण्यास जाहीर विरोध केला. पुढे उघड झाले की देणगी आपणहून आली नव्हती, मंडळानेच ती मागितली होती. त्याच वर्षी लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'मेजर बार्बरा' या नाटकात मद्यसम्राट आणि शस्त्रास्त्रांचा कारखानदार यांच्या पैशावर गरिबांचे आश्रयस्थान वाचते, आणि त्यामुळेच नायिकेचा साल्व्हेशन आर्मीवरचा विश्वास ढळतो.

मनुस्मृतीचा चौथा अध्याय या बाबतीत अधिक रोखठोक आहे. प्रतिग्रह कोणाकडून घेऊ नये हे सांगताना तेथे एक चढती शिडी दिली आहे: दहा खाटीकखान्यांइतका एक तेलाचा घाणा, दहा घाण्यांइतके एक मद्यालय, दहा मद्यालयांइतकी एक कुंटणखान्याची मालकीण, आणि तसल्या दहांच्या बरोबरीचा एक राजा. ज्या जातिव्यवस्थेतून ही शिडी उभी राहिली ती आज कोणालाही मान्य होणार नाही, आणि घाणेवाल्याला त्या पायरीवर बसवण्यात न्याय नव्हताच. परंतु शिडीच्या टोकाला सत्ता बसवण्यात एक निरीक्षण आहे, की राजाच्या तिजोरीत खालच्या साऱ्या पायऱ्यांवरचा पैसा करांच्या वाटेने येऊन मिसळलेला असतो. सरकारी पैसा शुद्ध आणि लॉटरीचा अशुद्ध, असा सोयीचा भेद त्यामुळे टिकत नाही. जुगाराविषयी स्मृतींचे एकमतही नव्हते. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले, तर याज्ञवल्क्याने ते राजाच्या देखरेखीखाली, त्याला त्यातला वाटा मिळेल अशा रीतीने चालू द्यावे असे म्हटले आणि त्याचे एक कारण असे दिले की त्यायोगे चोरांचा माग लागतो. कौटिल्याने तर त्यासाठी स्वतंत्र अधिकारीच नेमला आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच असा हिस्सा ठरवला. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने आपली लॉटरी सुरू केली, तेव्हा कळत-नकळत तेही याज्ञवल्क्याच्याच पक्षात गेले. तथापि लॉटरीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप स्मृतींच्या चौकटीत बसत नाही. तिकिटे घेणाऱ्यांत आपल्या ऐपतीच्या मानाने अधिक खर्च करणारे गरीब लोक असतात, आणि ज्या वस्तीतील क्लबला अनुदान मिळते त्याच वस्तीतील दुकानाच्या गल्ल्यातून तो पैसा आलेला असू शकतो. असे असेल तर क्लबने तो नाकारल्याने कोणाचेही पाप कमी होत नाही, फक्त पैसा दुसऱ्या वस्तीत जातो. घेतल्यास निदान तो आपल्या उगमाकडे परततो. हा युक्तिवाद पूर्ण समाधान देणारा नाही, पण नकाराच्या बाजूचा युक्तिवाद याहून दुबळा आहे.

शुद्धतेचा प्रश्न असा बाजूला ठेवला तरी फळाच्या अपेक्षेचा प्रश्न उरतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, जो परतफेड करणार नाही अशाला, योग्य स्थळी व काळी, द्यायला हवे म्हणून दिलेले दान सात्त्विक आणि परतफेडीच्या किंवा फळाच्या इच्छेने दिलेले दान राजस मानले आहे. या निकषावर प्रत्येक आधुनिक अनुदान राजस ठरेल, कारण ते परिणामांची मागणी करते. परंतु हे अनुमान घाईचे आहे. गीतेतील दाता आपल्या मालकीची वस्तू देत असतो. अनुदानाच्या फायलीवर सही करणारा अधिकारी आपले काहीच देत नसतो, आणि म्हणून निरपेक्षपणे देण्याचा अधिकारही त्याला नसतो. हिशेब मागणे ही त्याच्या बाबतीत फलासक्ती नसून त्याचे कर्तव्य असते. तिकीट घेणाऱ्याने दान केले नाही, त्याने बक्षिसाची आशा विकत घेतली. वाटप करणाऱ्या संस्थेचा तो पैसा नव्हता. आणि क्लबही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याचा मालक होत नाही. या सबंध साखळीत दाता असा कोणीच सापडत नाही, आणि दात्यावाचून दान संभवत नाही.

धर्मशास्त्राकडे या स्थितीसाठी एक दुसरी संज्ञा आहे, ती म्हणजे 'उत्सर्ग'. विहीर खणून किंवा तळे बांधून ते सर्व प्राण्यांसाठी सोडून देणे म्हणजे उत्सर्ग, आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा दानापासूनचा भेद काळजीपूर्वक मांडला आहे. दानात एकाचे स्वामित्व संपून दुसऱ्या विशिष्ट व्यक्तीचे सुरू होते, आणि त्या दुसऱ्याचा स्वीकार आवश्यक असतो. उत्सर्गात स्वामित्व सोडले जाते, पण ते कोणा एकाकडे जात नाही, म्हणून तेथे प्रतिग्रह नाही आणि प्रतिग्रहाचा दोषही नाही. बांधणाऱ्याने त्या तळ्याचे पाणी प्यायला हरकत नाही, मात्र मालक म्हणून नव्हे तर लोकांपैकी एक म्हणून. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी 'भगवंतभास्कर' या आपल्या बारा मयूखांच्या निबंधग्रंथात दानमयूख आणि उत्सर्गमयूख हे वेगळे काढले, यावरून हा भेद केवळ तर्कटीपणाचा नव्हता हे दिसते. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, आणि काण्यांनीच नीलकंठांचा व्यवहारमयूख संपादित केला, एवढी जोड येथे देणे अप्रस्तुत होणार नाही.

क्लबच्या घटनेत सर्वांत कमी वाचले जाणारे कलम या संदर्भात महत्त्वाचे ठरते. अनुदान मागणाऱ्या संस्थेला आपल्या जन्माच्याच कागदात आपल्या मृत्यूची तरतूद करावी लागते: क्लब बंद झाला तर उरलेले पैसे आणि साहित्य सभासदांत वाटले जाणार नाही, ते तत्सम हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. सामाजिक हिताच्या कंपन्या म्हणून २००५ पासून ज्या संस्था नोंदल्या जातात, त्यांना तर मालमत्तेवरील अशा बंधनातून सुटकाच नसते. वीस वर्षे शनिवार सकाळ क्लबला वाहिलेल्या माणसालाही त्यातला एक खोका घरी नेता येत नाही; त्यावरून तो उड्या मात्र मारू शकतो, लोकांपैकी एक म्हणून. महाराष्ट्रातील तालमींची ओळख असणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आखाड्याची माती वस्तादाची नसते, ती कोनाड्यातल्या मारुतीची असते आणि वस्ताद तिची निगा राखतो. क्लब जोपर्यंत या अर्थाने निगा राखणारा आहे तोपर्यंत त्याने अनुदान 'घेतले' असे म्हणणेच शास्त्रतः बरोबर नाही. त्याच्या हातून ते पुढे गेले, एवढेच म्हणता येईल. स्वावलंबनाच्या नावाने अनुदान नाकारणाऱ्या पार्कूरपटूची चूक येथे आहे, की ज्या सार्वजनिक कठड्यावर तो सराव करतो तोही कोणाच्या तरी करातून बांधलेला असतो. त्याने तो मागितला नव्हता इतकेच.

एवढ्याने सारे सुरळीत होते असे नाही. तळ्याला दार नसते, जिमला असते. वर्गाचे शुल्क, सभासदत्वाची यादी, किल्ल्या कोणाकडे राहतील याचे नियम, ही सर्व उत्सर्गाला पुन्हा स्वामित्वाकडे खेचणारी बारीक बळे आहेत. बांधकामासाठी मोठे अनुदान देणाऱ्या संस्था जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि ते व्यवहारतः योग्यच आहे; पण त्यामुळे जागेवर कोणताही हक्क न सांगता ती वापरणाऱ्या या शिस्तीला वीस-पंचवीस वर्षांचा हक्क लिहून घ्यावा लागतो. उद्यानात उभारलेला, फाटक नसलेला उघडा पार्कूर-चौथरा उत्सर्गाच्या कल्पनेला सर्वांत जवळचा, पण तेथे शिकवणारा कोणी नसतो आणि पाऊस असतो. शिवाय गादीवरची उडी भीती काढून घेते, आणि पार्कूरमध्ये भीती हीच शिक्षक आहे असे मानणारे अनेक जुने जाणकार जिमकडे तयारीची जागा म्हणून पाहतात, मुक्कामाची म्हणून नव्हे.

सर्वांत कठीण प्रश्न क्लबच्या पलीकडचा आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१७ साली पार्कूरला आपल्या छत्राखाली घेण्याचे पाऊल उचलले, तेव्हा पार्कूर यूकेसह अनेक देशांतील संघटनांनी ते अतिक्रमण असल्याचे सांगून निषेध केला आणि त्याच वर्षी 'पार्कूर अर्थ' ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महासंघाने तरीही डिसेंबर २०१८ मध्ये पार्कूरला आपली अधिकृत शाखा केले आणि २०२२ साली टोकियोत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. वरवर हा नियमांचा आणि स्पर्धांचा तंटा दिसतो, पण आतून तो उत्सर्गाचाच प्रश्न आहे: लिसच्या मुलांनी जे सर्वांसाठी मोकळे सोडले, त्याच्या नावाने पुढे पैसा स्वीकारण्याचा अधिकार कोणाला? ज्या देशांत खेळाचा सरकारी पैसा ऑलिंपिक परंपरेतील महासंघांच्या वाटेने येतो, तेथे छोट्या पार्कूर क्लबला तो जिम्नॅस्टिक्स संघटनेचा सभासद होऊन मिळू शकतो, न झाल्यास मिळत नाही. ब्रिटनमध्ये वेगळी मान्यता असल्याने ही निवड तितकी टोकाची नाही. तरीही घटनेचा मसुदा करताना क्लब मोडल्यास उरलेली मालमत्ता कोणाकडे जाईल या रिकाम्या जागेत कोणाचे नाव लिहायचे, हे प्रत्येक क्लबच्या सभासदांना पहिल्याच सभेत ठरवावे लागते.